साडेतीनला जागा नाही

अप्रेझलचा, म्हणजे वर्षभराच्या कामाच्या मूल्यमापनाचा, मेल फिरला की आमच्या टीमला अचानक माझ्या तब्येतीची काळजी वाटू लागते. एरवी कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला बसणारे चेहरे दिसायला लागतात आणि माझ्या सुमार विनोदांनाही भरघोस दाद मिळते. सगळ्यांना रेटिंग हवं असतं आणि ते द्यायचं असतं मी.

रेटिंग एक ते पाच. एक द्यायची सोय नाही; दिला तर 'मग तुम्ही वर्षभर काय पाहत होता?' असं मलाच विचारतात. पाचसाठी इतके पुरावे जोडावे लागतात की त्यापेक्षा कोर्टात केस लढवणं सोपं. उरले दोन, तीन आणि चार. माझी निम्मी माणसं साडेतीनची आहेत, पण सिस्टीमला अपूर्णांक चालत नाही. ३.५ टाकलं की चौकट लालभडक होते.

सेल्फ अप्रेझल वाचणं मात्र मला मनापासून आवडतं. एकाला उद्दिष्ट दिलं होतं, ग्राहकांच्या तक्रारी निम्म्यावर आणा. त्याने लिहिलं, 'शंभर टक्के साध्य.' खोटं नव्हतं. गड्याने तक्रारीचा फॉर्म एवढा लांबवला की लोक अर्ध्यातच कंटाळून नाद सोडू लागले. उद्दिष्ट 'स्मार्ट' असावं, म्हणजे नेमकं, मोजता येणारं, मुदतीतलं वगैरे, असं जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली सांगून ठेवलंय. आमचं उद्दिष्ट तसं होतंच. माणूस त्याहून स्मार्ट निघाला.

याउलट आमच्या एक मॅडम. रात्री-अपरात्री काही बंद पडलं की फोन त्यांनाच जातो आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला कामही त्याच शिकवतात. यातलं एक अक्षर गोल शीटमध्ये, म्हणजे वर्षाच्या उद्दिष्टांच्या यादीत, नाही. शीटमध्ये आहे 'डॉक्युमेंटेशन अपडेट करणे', आणि तेवढं नेमकं राहिलंय. वेटेज लावून सिस्टीमने त्यांना २.८ काढून दिले. (अपूर्णांक सिस्टीमने काढलेला चालतो.)

तरी हे सगळं कॅलिब्रेशन मीटिंगच्या आधीचं. तिथे सगळ्या मॅनेजरांची रेटिंगं एकत्र ठेवून जुळवतात आणि बेल कर्व्ह असतो, म्हणजे वर किती, मध्ये किती आणि खाली किती हे आधीच ठरलेलं. जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये वरचे वीस टक्के, मधले सत्तर आणि खालचे दहा अशी वाटणी रूढ केली. मायक्रोसॉफ्टने असला सक्तीचा क्रम लावणं २०१३ मध्ये सोडून दिलं. आमच्या एचआरपर्यंत ती बातमी यायची आहे. त्यामुळे दार बंद करून आम्ही सगळे मॅनेजर सौदा करायला बसतो.

"माझ्याकडे तीन चार आहेत."

"तीन-चार म्हणजे नक्की किती?"

"तीन 'चार'. आणि पाच 'तीन'."

"मग एक चार मला दे, माझा एक दोन तू घे."

यात माणसाचं नाव शेवटी निघतं. निघालंच, तर जो मीटिंगमध्ये जास्त बोलतो तो सगळ्यांना आठवतो आणि बोलणं चांगलं म्हणून त्याचं कामही चांगलं ठरतं. सैन्यातले अधिकारी हाताखालच्यांना गुण देताना हेच करतात, एका बाबतीत वर तर सगळ्याच बाबतीत वर, हे थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच दाखवलं होतं. मॅडमचं नाव मी घेतलं, तर दोघांनी विचारलं, "कोण त्या?"

चाराचा तीन झाला की शेराही उतरवावा लागतो. मग 'उत्कृष्ट'चं 'समाधानकारक' करायचं, 'नेतृत्वगुण आहेत'चं 'नेतृत्वाला वाव आहे'. 'मेहनती' तेवढं कुठल्याही आकड्याखाली खपतं.

मग ज्याचा त्याला तीन समोर बसवून सांगायचा. यंदा ज्याचा चार गेला तो मुलगा गुणी आहे, पाच वाजता चुपचाप काम संपवून जातो. "सर, मी कुठे कमी पडलो?" अरे, तू नाही कमी पडलास, चार कमी पडले. पण हे बोलायला परवानगी नाही. म्हणून मी म्हणालो, "जरा व्हिजिबिलिटी वाढव."

मुलगा आज्ञाधारक. परवा त्याचा अर्ध्या दिवसाच्या रजेचा मेल आला. सीसीमध्ये मी, माझे साहेब, साहेबांचे साहेब आणि अख्खं एचआर. दहा मिनिटांत साहेबांचा फोन.

"हा पोरगा कोण रे? बराच ॲक्टिव्ह दिसतोय. याला तीनच का दिलास?"