कात्रणांवर हे काम चालत नाही

‘शांतिसेनेतले राजकीय विश्लेषक राजधानीत बसून वर्तमानपत्रांची कात्रणं जोडतात’ हे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबद्दलच्या एका लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. मी सोलापूरची. दक्षिण सुदानमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत मी हेच काम केलंय. जोंगलेई भागात लोउ नुएर आणि मुर्ले या गुरं पाळणाऱ्या समाजांत कधी भडका उडेल, हे राजधानी जुबातल्या मंत्र्यांच्या निवेदनांवरून कळत नाही. कोरडा हंगाम लागला की गुरं पाण्याकडे सरकतात. कोणत्या वाटेने, कोणाच्या कुरणातून, आणि यंदा पोरांच्या हाती बंदुका कोण देतंय, हे माणसांना भेटून विचारावं लागतं. तिथे वधूमूल्य गुरांत मोजतात, त्यामुळे गुरं पळवणं आणि राजकारण वेगळं काढताच येत नाही. सांगोला-मंगळवेढ्याचा दुष्काळ आणि चारा छावण्या पाहिलेल्याला हे चटकन उमगतं. मे २०१४ मध्ये सुरक्षा परिषदेच्या ठराव २१५५ने नागरिकांचं संरक्षण हे मोहिमेचं मुख्य काम ठरवलं. गस्त कुठे पाठवायची हे ठरवताना माणसांना भेटून केलेली अशीच टिपणं कामी येतात.

लेखात स्थानिक सहकाऱ्यांबद्दल एक ओळही नाही, याचं मला फार वाईट वाटलं. बैठकीत कोण गप्प बसलं आणि का, हे आम्हाला तेच सांगतात. आम्ही रजेवर घरी येतो, त्यांची मुलंबाळं मात्र तिथेच असतात. सोलापुरात अभ्यासिकेतली मुलं-मुली या नोकरीबद्दल विचारतात, तेव्हा मी आधी त्या सहकाऱ्यांबद्दल बोलते. मग सांगते, फ्रेंच किंवा अरबी शिकायला आजच लागा.