रंगकामात भेटलेले भटजी

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या घराला रंग काढायचा ठरला, की पहिली कुऱ्हाड पुस्तकांच्या कपाटावर कोसळते. कारण फ्रिज आणि सोफा चादर पांघरून जागच्या जागी तग धरतात, पुस्तके मात्र या निमित्ताने घराबाहेर काढता येतील, अशी आशा घरात उघडपणे व्यक्त होते. यंदा रद्दीचा निकष सौभाग्यवतींनीच ठरवला होता: ज्यावर धूळ अधिक, ते आधी. हा निकष काटेकोरपणे पाळला असता, तर आमच्याकडे पंचांग आणि बँकेचे पासबुक एवढेच वाङ्मय उरले असते.

ज्या ठाणे शहरात १८९३ पासून मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, तेथील वाचकाला ही खोडच लागत असावी. ग्रंथालयाचे पुस्तक परत करण्याची तारीख जवळ आली, की तो रात्र जागवून ते संपवतो. पदरचे पैसे मोजून घेतलेले पुस्तक मात्र ‘घरचेच तर आहे’ या सबबीखाली वर्षानुवर्षे तिष्ठत राहते.

असेच तिष्ठलेले गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ ढिगाकडे जाता जाता माझ्या हाती लागले. कसरीने त्याची कड नक्षीदार कातरली होती. १८५७ च्या बंडाची हकिकत म्हटल्यावर मी तोफा, तहनामे आणि सनावळ्या यांची मनोमन धास्ती घेतली होती. पण वरसईचे हे विष्णुभट लढायला निघालेच नव्हते. घरावर कर्ज होते, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता आली होती, तेव्हा दक्षिणेच्या आशेने काकांसह ते उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडात सापडले. ज्यांनी इतरांना मुहूर्त काढून द्यायचे, त्यांचाच मुहूर्त इतका फसावा, याचे मला (पाप लागो) मनापासून हसू आले.

रंगारी घासकागद थांबवून ‘साहेब, जरा सरका’ म्हणत होता आणि मी रंगाच्या पालथ्या डब्यावर बसून झाशीच्या वेढ्यात अडकलो होतो. हे हसू तिथे विरले. लूट, आग, कत्तल हे सारे भटजी पाहतात, पण सांगतात ते ओसरीवर बसून शेजाऱ्याला सांगावे तसे. त्यामुळे ते अधिकच अंगावर येते. पुढे काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशी, पठाणी वेषातली, धुळीने माखलेली राणी त्यांना भेटते, आणि विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून दोर स्वतःच्या हाती घेते. हे मी आजवर का वाचले नाही, असे कुणी विचारण्यापूर्वीच दाराची घंटा वाजली.

रद्दीवाला तागडी घेऊन उभा होता. त्याला संध्याकाळी यायला सांगितले. भटजींना गंगेची कावड खांद्यावर घेऊन अजून वरसईपर्यंत पोहोचायचे होते.