बिस्ट्रू

आईच्या पंचाहत्तरीला नातेवाईक आले, त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, जेवले आणि गेले. एवढंच घडलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टशेजारच्या फळ्यावर सोसायटीची नोटीस. इंग्रजीतून. आमच्या फ्लॅटचा नंबर ठळक अक्षरांत, आणि पुढे विनंती, की सामायिक पॅसेज कृपया ‘बिस्ट्रू’ करू नये.

आता, रागवायचं तरी आधी अर्थ कळायला हवा. ‘डर्टी’ लिहिलं असतं तर जागच्या जागी भांडलो असतो. ‘मेस’ म्हटलं असतं तर सेक्रेटरींच्याच दारातल्या कुंड्या दाखवल्या असत्या. इथे मी फळ्यासमोर उभा राहून मोबाइलवर शब्दकोश उघडतोय आणि वॉचमन माझ्या खांद्यावरून एकेक अक्षर लावत नोटीस वाचतोय.

बिस्ट्रू म्हणजे एखादी जागा वस्तू विखरून भरून टाकणे. ‘स्ट्रू’ म्हणजे विखुरणे आणि पुढचा ‘बी’ म्हणजे जिकडेतिकडे. ‘बिस्मिअर’, म्हणजे माखून टाकणे, यात असतो तोच. गंमत अशी, की याचं कर्म म्हणजे जागा. चपला बिस्ट्रू होत नाहीत. चपलांनी पॅसेज बिस्ट्रू होतो. हल्ली हा शब्द भेटलाच तर ‘बिस्ट्रून’ या रूपात, तोही कवितेत, पाकळ्यांनी भरलेल्या पायवाटेवर वगैरे. आमच्या मामांच्या कोल्हापुरीला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता.

तेवढ्यात वॉचमनचं वाचन संपलं. “बिस्तर,” तो म्हणाला. “पॅसेज में बिस्तर नहीं लगाने का.” आणि माझ्याकडे फार कळवळून बघितलं.

संध्याकाळी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. त्यांचा मजला आला, त्या बाहेर पडल्या आणि दार धरून उभ्या राहिल्या. ही त्यांची जुनी पद्धत. दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही, आतला माणूसही नाही.

“कधीपासून चाललंय रे हे?”

“काय काकू?”

“बाहेर झोपणं.”

“मी घरातच झोपतो.”

“हो, चारचौघांत असंच सांगावं. आमच्या ह्यांनाही मी एकदा काढलं होतं. पण तेव्हा गॅलरी होती. पॅसेजमध्ये नाही हो टाकलं मी त्यांना!”

“काकू, तो शब्द बिस्तर नाहीये. बिस्ट्रू. म्हणजे विखुरणं.”

“म्हणजे अंथरूण विखुरलेलं होतं? अरे, सकाळी घडी घालून ठेवावी माणसानं. हेच नडलं असणार तिला.”

“अंथरूण नव्हतंच. चपला होत्या.”

काकूंचा चेहरा पडला. “उशाला?”

वरून कुणीतरी लिफ्टसाठी जाळी बडवत होतं. काकूंनी मान वर करून “थांबा हो, इथे संसाराचा प्रश्न आहे!” असं ओरडून सांगितलं. म्हणजे पाचव्या मजल्यापर्यंत पोचलं.

त्या रात्री चिडून मी त्या शब्दाच्या मुळाशीच गेलो, आणि तिथे मला काकू भेटल्या. इंग्रजी ‘स्ट्रू’ आणि संस्कृत ‘स्तृ’ हे धातू एकाच कुळातले. ‘स्तृ’वरून आस्तरण, आस्तरणावरून आपलं अंथरूण. फारसीतून आलेला बिस्तरही याच घराण्यातला. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’मध्ये, जे १६११ साली दरबारात खेळलं गेलं, प्रॉस्पेरो भावी जावयाला दम भरतो, की लग्नविधीच्या आधी मर्यादा सोडलीस तर द्वेष आणि कलह तुमच्या शय्येवर तण पसरतील. तिथे क्रियापद कुठलं? हेच. शय्येवरच! मी उठून बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, “झोप, नाहीतर खरंच बाहेर घालीन.”

विनोद जाऊ दे. पॅसेज मोकळा असावा, हे मलाही कळतं. आग लागली तर माणसांनी चपलांत अडखळायचं का? त्यासाठी राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. तो दाखवला असता तर निमूट चपला आत घेतल्या असत्या. पण ज्या इमारतीत भाजीवाल्यापासून अध्यक्षांपर्यंत सगळे मराठी बोलतात, तिथे खरडपट्टी मात्र इंग्रजीत. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा याच सेक्रेटरींनी ग्रुपवर रात्रीपर्यंत ओव्या पाठवल्या होत्या. आता फळ्यावर मराठी उरली आहे ती ‘ओला कचरा’ आणि ‘सुका कचरा’ एवढीच. ‘चपला आत ठेवा’ म्हटलं असतं तर मी ‘आधी तुमच्या कुंड्या उचला’ म्हटलं असतं, आणि तेच त्यांना नको होतं. कोशातून शोधून आणलेल्या शब्दाला उलट उत्तर देता येत नाही. माणूस अर्थ शोधत बसतो, तोवर ते जिना चढून घरात गेलेले असतात.

मी अर्ज लिहिला. मराठीत, सभ्य भाषेत, कुंड्यांसकट. तो परत आला. सोसायटीचं दप्तर इंग्रजीत असतं म्हणे, तेव्हा अर्ज इंग्रजीत द्यावा.

काल ऑफिसमधून आलो तर दाराबाहेर कापसाची एक गादी. सोबत उशी आणि सोलापुरी चादर. काकूंनी वॉचमनच्या हाती वर पाठवली होती, ‘फरशी गार असते’ असा निरोप देऊन. आमच्या दाराला कुलूप होतं, म्हणून त्यानं ती व्यवस्थित पसरून ठेवली होती, उशी भिंतीकडे करून. मी किल्ली शोधत असतानाच फोन वाजला. ग्रुपवर त्या गादीचा फोटो आला होता, सेक्रेटरींकडून. खाली इंग्रजीत एकच शब्द: ‘अगेन?’