केंडवालो

परवापासून सासुरवाडीच्या गावात मला नाव उरलेलं नाही. काल दुकानात मीठ आणायला गेलो, तर गल्ल्यावरचा माणूस आत तोंड करून ओरडला, "केंडवालो इलो गे!" आतून दोन बायका मला बघायला बाहेर आल्या. एकीच्या हाताला पीठ होतं.

झालं होतं ते एवढंच. ऑक्टोबरची सुट्टी, मालवणजवळचं गाव, आणि मेहुण्याने होडीतून बाहेर खोल पाण्यात सुरमईला न्यायचं कबूल केलेलं. ऐन वेळी अरबी समुद्रात कुठेतरी लांबवर कमी दाबाचा पट्टा तयार झाला, बंदरावर एक नंबरचा बावटा चढला आणि मेहुणा चादर ओढून झोपला. इकडे समुद्र ताटात ओतलेल्या तेलासारखा सपाट. मी चिडलो. पुण्यात साडेसहा हजारांचा रॉड घेतला होता, सोबत सिलिकॉनची कोळंबी. बाल्कनीतून फेकायचा सराव करताना खालच्या मजल्यावरचा टॉवेल दोनदा गळाला लागला होता. शिवाय भरती, वारा आणि चंद्र सांगणारं ॲप. त्या दिवशी त्याने चारपैकी चार हिरवे मासे दाखवले होते. मी एकटाच धक्क्यावर गेलो.

तिथे आबा बसले होते. गुडघे पोटाशी, डोक्यावर पंचा. मी रॉड जोडत होतो तेवढा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "खंयसून इलंस?"

"पुण्याहून."

"थंय मासे गावनत नाय?"

मी हसलो. रॉड फेकला. कोळंबी छान लांब जाऊन पडली.

"आज काय आसा?"

"बुधवार," मी म्हणालो.

"बुधवार खाणाऱ्याचो, झिला. माशाक वार नसता, माशाक तिथी असता." मग त्यांनी बोटं मोडत मला शाळेत घातलं. आज अष्टमी. तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ येते, थोडी इकडेतिकडे. आठाला पाऊणने गुणलं की सहा. म्हणजे सहाला भरती भरून गेली. "तू इलंस आठाक. मासे काय तुझी वाट बघत रवतले? त्यात भांगाचा पाणी." भांग म्हणजे उधाणाच्या उलट, पाण्याला ओढच नाही. त्यात परतीच्या पावसाने खाडी तांबडी करून ठेवलेली, धक्क्यालगत पाणी अजून निवळलेलं नाही. सकाळचे मतलई वारे पडले की दुपारी खारे वारे सुटणार, म्हणजे मग फेकलेलं माझ्याच तोंडावर येणार. हे सगळं ते सावकाश, मधे खोकत, मजेत सांगत होते. चार हिरवे मासे माझ्या खिशात तापत होते.

"आणि त्या रबराक वास काय येता?"

"आबानू, ती खऱ्यासारखी हलते."

"हलतली. पण माशाक नाक आसा मां?"

ऑक्टोबरच्या उन्हाबद्दल मला इथे वेगळं लिहायचं होतं, पण मानेची कातडी अजून निघतेय, त्यामुळे नको. शेजारी एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा पाण्याच्या बाटलीला दोरी गुंडाळून बसला होता. गरी, शिशाचा तुकडा, सुंगटाचा म्हणजे खऱ्या कोळंबीचा तुकडा, संपलं. त्याने तासाभरात तळव्याएवढ्या तीन तांबोश्या काढल्या. प्रत्येक वेळी आबा माझ्याकडे बघत. मुलाकडे नाही, माझ्याकडे.

मी विषय बदलायला म्हटलं, एवढ्या शांत समुद्रात मेहुण्याने घाबरायचं काय कारण? आबा पहिल्यांदाच गप्प झाले. "2009 साली फयान वादळ इला तेव्हा नोव्हेंबर हुतो," एवढंच म्हणाले आणि दर्याकडे बघत राहिले. मी रील उगाच फिरवली.

साडेअकराला रॉड वाकला. असा वाकला की मी ओरडलो. मुलगा उठला, जाळी विणणारे दोघे उठले, आबासुद्धा उठले. काढलं तर टोमॅटोएवढा केंड. धक्क्यावर पडल्यापडल्या त्याने स्वतःला फुगवलं आणि फुटबॉल होऊन माझ्याकडे बघत बसला. विषारी, कुणी खात नाही, वर माझी कोळंबी दातांनी अर्धी कापलेली. पोरगा इतका हसला की त्याची बाटली पाण्यात पडली. मी पायाने ढकलून केंडाला परत सोडलं.

"आबानू, तुम्ही कधीच गळ टाकत नाही?" मी रागानेच विचारलं.

त्यांनी सदऱ्यातून तुळशीची माळ बाहेर काढली. बारा वर्षं झाली. "जीभ सोडली रे. पण डोळ्यांका माळ खंय घालूची?"

परत येताना बाजारातून बांगडे घेतले. भाव ऐकून केंडाची आठवण आली. पापलेटला 2023 मध्ये राज्यमासा केलं. आमच्याकडे तो सरंगा, आणि राज्यपद मिळाल्यापासून सामान्यांच्या ताटात यायचं त्याने सोडलंय. मेहुणा सांगतो, जून-जुलैची 61 दिवसांची बंदी छोट्या होडीवाल्याने पाळायची, आणि नंतर रात्री बाहेर मोठ्या बोटींचे, मासे ओढून घेणारे एलईडीचे दिवे बघायचे. त्या मासेमारीला 2017 पासून बंदी आहे. दिवे घरच्या गच्चीवरून दिसतात. मीही मोजलेत, काल सात होते. हे विनोदी लेखात कशाला, असं बायको म्हणाली. तिने केंडाचा फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकलाय, तिने बोलू नये.

आज दशमी. दहाला पाऊणने गुणलं, साडेसात. सव्वासहालाच धक्क्यावर पोचलो. आबा आधीच हजर.

"वेळेर इलंस. सुंगटा हाडलंस?"

मी खिशातून पाकीट काढलं. परत सिलिकॉनचीच, पण या खेपेस वासाची. पाकिटावर तसं लिहिलंय. आबांनी ती घेतली, नाकाशी नेली, आणि बराच वेळ परत दिली नाही.