टीडीची पुढची चाकं कुठून आली? (इंदूरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो पण डोक्यात राग होता म्हणून थांबलो, आता दोन दिवस गेलेत, शांतपणे लिहितोय. खाली लिहीत बसलो असतो तर फारच लांबलं असतं म्हणून वेगळंच टाकतो.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की एमजी ह्या जुन्या ब्रिटिश ब्रँडच्या चार दरवाज्यांच्या गाड्यांना, खास करून १९५३ च्या झेडए मॅग्नेटला, आपण स्पोर्ट्स कारवाले लोक फार कमी लेखतो आणि ते चूक आहे. त्यावर दादांचं म्हणणं असं की एमजी म्हणजे दोन दरवाजे, दोन सीट, वर मोकळं आभाळ, बाकी सगळं भेसळ. चार दरवाजे लावले त्या दिवशीच ब्रँड मेला, १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडला तो त्याचाच परिणाम, पोर्शे आणि लोटस त्याच वाटेने गेले, आणि शेवटी, "तुम्ही बडोद्याचे, हलोलची बाजू घेणारच." (हलोल म्हणजे आमच्या शेजारचं गाव, आताच्या एमजीचा भारतातला कारखाना तिथे आहे.) वर हेही विचारलंय की जुनी एमजी कधी जवळून बघितली तरी आहे का.

बघितली आहे. तिथूनच सुरू करतो.

आमच्या दांडिया बाजारात एका आजोबांकडे टीडी आहे, एमजीची दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मी कॉलेजात असताना तिच्या डाव्या पुढच्या चाकात खेळ आला होता, किंगपिन (चाक जिच्याभोवती वळतं ती पिन) घासली होती, आणि आजोबांना एकट्याने जमेना म्हणून मी दोन-तीन रविवार जात होतो. चाक काढलं, स्प्रिंगवरचा दाब सोडला, आणि तेव्हा पहिल्यांदा ते नीट बघितलं, खाली विशबोन (चाक धरणारा व्ही आकाराचा हात), मध्ये कॉइल स्प्रिंग, आणि वरचा हात म्हणजे चक्क शॉक ॲब्सॉर्बरचाच लिव्हर, वेगळा वरचा विशबोन नाहीच, एकाच पार्टकडून दोन कामं. मी म्हणलं आजोबा, स्पोर्ट्स कारसाठी काय डोकं लावलंय यांनी! तर आजोबा ग्रीसचे हात पुसत म्हणाले, स्पोर्ट्स कारसाठी नाही लावलं बाळा, घरच्या चार दरवाज्यांच्या गाडीसाठी लावलंय, हिला ते वारशात मिळालंय.

त्या रविवारी मी ते ऐकून सोडून दिलं. नंतर वाचत गेलो तसं कळलं की आजोबा अक्षरशः बरोबर बोलत होते.

टीडीच्या आधीची टीसी घ्या, १९४५ ते १९४९, दहा हजार गाड्या बनल्या, तिचा पुढचा ॲक्सल सरळ एकसंध, त्यावर पाटे म्हणजे लीफ स्प्रिंग, आपल्याकडच्या जुन्या ट्रकसारखं. दिसायला देखणी, पण खड्ड्यात एक चाक उचललं की दुसऱ्याला कळतं. त्याच काळात, १९४७ मध्ये, एमजीने वायए आणली. चार दरवाजे, चार माणसं, सरळ छप्पर, रविवारी घरच्यांना घेऊन जायची गाडी. आणि त्या गाडीला इंडिपेंडंट फ्रंट सस्पेन्शन होतं, म्हणजे पुढचं प्रत्येक चाक आपापलं हलणारं, रॅक अँड पिनियन स्टिअरिंग होतं. सस्पेन्शनचं डिझाइन ॲलेक इसिगोनिसचं, ज्यांनी पुढे मिनी बनवली तेच. म्हणजे एकाच कंपनीत, एकाच वेळी, फॅमिली कार ही स्पोर्ट्स कारपेक्षा पुढे होती! मग टीसीची जागा घ्यायला नवीन गाडी हवी झाली तेव्हा ॲबिंग्डनच्या लोकांनी काय केलं, वायएची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, घेतली आणि पाच इंच कापली. ९९ इंचाचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ९४ झाला, वर दोन सीटची बॉडी बसवली, झाली टीडी. जवळजवळ तीस हजार टीडी बनल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेत गेल्या, आणि अमेरिकेला ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं जे वेड लागलं त्यात ह्या गाडीचा हात केवढा मोठा आहे ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

पुढच्या चाकांची ती मूळ रचना, तो लिव्हरवाला शॉक ॲब्सॉर्बर, ते रॅक अँड पिनियन, एमजीए ह्या पुढच्या स्पोर्ट्स कारमध्ये गेलं, मग तिच्यानंतरच्या एमजीबीमध्ये गेलं, १९८० पर्यंत टिकलं. तुम्ही ज्या एमजीबीला खरी एमजी म्हणता (मीही म्हणतो) तिचं वळणावरचं वागणं, ज्याच्यासाठी आपण जीव टाकतो, त्याचं मूळ शोधत गेलात तर चार दरवाज्यांच्या एका साध्या सलूनपाशी (बंद छताच्या घरगुती गाडीपाशी) पोचता.

आता मॅग्नेट, जिच्यावरून हा वाद सुरू झाला. १९५३ ला ती आली तेव्हा तिकडचे एमजीप्रेमी जे चिडले त्यांचा राग मला समजतो. बॉडी वूल्झली ४/४४ सारखी, फक्त ग्रिल वेगळं असं वरवर दिसायचं. पण बॉनेट उघडा ना. वूल्झलीमध्ये एमजीचं जुनं १२५० सीसीचं इंजिन, आणि मॅग्नेटमध्ये नवीन बी सिरीज, १४८९ सीसी, दोन एसयू कार्बोरेटर, ६० हॉर्सपॉवर. दोन वर्षांनी, १९५५ च्या सप्टेंबरात, एमजीए आली ती ह्याच १४८९ सीसीच्या इंजिनाची जास्त ताकदीची आवृत्ती घेऊन, ६८ हॉर्सपॉवरने सुरुवात, आणि एक लाखाच्या वर गेली. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन म्हणजे त्याचंच वाढवलेलं रूप. म्हणजे वायएने सस्पेन्शन दिलं, मॅग्नेटने इंजिन दिलं. तुम्ही ज्याला भेसळ म्हणता ते काढून टाकलं तर एमजीएमध्ये उरतं काय, सुंदर पत्रा उरतो.

आणि ही सवय नंतर लागली असंही नाही हो. एमजीची सुरुवातच अशी आहे. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिसच्या मॉरिस गॅरेजेसचे मॅनेजर सेसिल किंबर, त्यांनी मॉरिसच्या साध्या गाड्यांच्या चॅसीवर वेगळ्या बॉड्या चढवून विकायला घेतल्या, तेच एमजी. १९२८ च्या शोमध्ये दाखवलेली एम टाइप मिजेट, जिने स्वस्त स्पोर्ट्स कार ही गोष्टच लोकांच्या आवाक्यात आणली, ती मॉरिस मायनरवरून केलेली, इंजिन ८४७ सीसी. त्याच वर्षीच्या १८/८० नावाच्या मॉडेलला सलूनची बॉडीसुद्धा मिळायची. म्हणजे किंबर स्वतः खुर्चीवर असताना बंद गाड्याही विकल्या जात होत्या. शुद्ध एमजी कधी होती असं तुम्ही म्हणता ते कुठल्या साली, हे मला खरंच शोधून सापडत नाही.

१९८० चं बोलू. तुमच्या प्रतिक्रियेतला हा भाग मला सगळ्यात जास्त खटकला कारण तो अगदी उलटा आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी शेवटी एमजीच्या यादीत चार दरवाज्यांची एकही गाडी नव्हती दादा. एकही नाही. शेवटची मॅग्नेट १९६८ मध्येच संपली होती. मिजेट आणि एमजीबी, दोन दरवाज्यांच्या दोन स्पोर्ट्स कार, एवढंच उरलं होतं, म्हणजे तुम्हाला पाहिजे तशीच शुद्ध एमजी. आणि तीच बंद पडली. एमजीबी १९६२ ची, अठरा वर्षं मूळ गाडी तीच, नवीन करायला पैसे नाहीत कारण ब्रिटिश लेलँडने, म्हणजे तेव्हाच्या मालक कंपनीने, जे होते ते त्यांच्याच दुसऱ्या ब्रँडच्या ट्रायम्फ टीआर ७ वर लावले. अमेरिकेच्या बंपरच्या नियमांसाठी १९७४ मध्ये काळे जाडे रबरी बंपर आले आणि गाडी उंच केली, हँडलिंग बिघडलं. वर पाउंड महाग झाला, आणि बहुतेक गिऱ्हाईक तर डॉलरमधलं. १९७९ च्या सप्टेंबरात ॲबिंग्डनने पन्नास वर्षांचा सोहळा केला आणि तो आटोपतो न आटोपतो तोच कारखाना बंद करायची बातमी आली. ह्यात चार दरवाज्यांचा दोष कुठे आहे ते दाखवा. मला तर वाटतं, त्या वेळी पन्नासच्या दशकातल्यासारखी एखादी चांगली सलून सोबत असती, जिचा खर्च आणि पार्ट दोघींमध्ये वाटले गेले असते, तर एमजीबीची पुढची पिढी आपल्याला बघायला मिळाली असती.

पोर्शेबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळीकडे भांडणं झालीयेत. एकच सांगतो. लाइपझिगचा कारखाना २००२ मध्ये कायेन ह्या चार दरवाज्यांच्या एसयूव्हीसाठी उघडला, आणि कॅरेरा जीटी, व्ही १० इंजिन आणि मॅन्युअल गिअरची, जिचं नाव तुम्ही स्वतःच आदराने घेतलंय, ती त्याच कारखान्यात बनली. नव्वदच्या सुरुवातीला पोर्शेची अवस्था काय होती ते आठवा आणि मग सांगा की कायेन नसती तर कॅरेरा जीटी असती का.

आता जिथे तुमचं बरोबर आहे तिथे मी अडून बसणार नाही. १९५९ ची मॅग्नेट मार्क ३, ती फारिना ह्या इटालियन डिझाइनरच्या बॉडीची, ऑस्टिन, मॉरिस, रायली, वूल्झली सगळ्यांना तोच साचा, एमजीचं नुसतं ग्रिल. तिने स्पोर्ट्स कारला काहीसुद्धा दिलं नाही. तिच्यावर तुम्ही चिडत असाल तर मी तुमच्या शेजारी उभा आहे. लोटसचंही तसंच, लोटस काढणाऱ्या कॉलिन चॅपमनने आयुष्यभर वजन कमी करण्याचा ध्यास घेतला आणि त्यांच्या नावावर आज अडीच टनाची एलेट्रे एसयूव्ही विकली जाते हे बघून मलाही पोटात तुटतं. माझी कसोटी एवढीच आहे, चार दरवाज्यांच्या गाडीकडून दोन दरवाज्यांच्या गाडीकडे काहीतरी जातंय का. इंजिन, चॅसी, निदान पैसा तरी. जात असेल तर ती घरचीच गाडी, नसेल तर नुसता बिल्ला.

आणि ह्याच कसोटीवर हलोल. माझं तिथे कोणी नोकरीला नाही, हे आधी सांगतो. बडोद्याहून चाळीसेक किलोमीटर, जरोद मागे पडलं की समोर पावागड दिसायला लागतो, लहानपणापासून त्या रस्त्याने जातोय. १९९६ पासून तिथून ओपेल ॲस्ट्रा निघायची, मग टवेरा वगैरे, २०१७ मध्ये कारखाना एमजीकडे आला आणि २०१९ मध्ये हेक्टर. गाडीच्या नाकावर एमजीचा तो अष्टकोनी बिल्ला आणि गाडी आमच्या जिल्ह्याच्या शेजारी बनलेली, आनंद झाला, खोटं का बोलू. पण हेक्टर म्हणजे मुळात चीनमधली बाओजुन ५३०, तिचा वायएशी किंवा झेडएशी काही संबंध नाही, आणि मी मागच्या लेखातही हेक्टरला मॅग्नेटची वारस म्हणलेलं नव्हतं, परत एकदा बघा. घरच्यांसाठी सोयीची गाडी आहे. माझ्या कसोटीवर मात्र ती बिल्ल्याच्याच बाजूला जाते आणि हे मी बडोद्यात बसून लिहितोय.

एमजीच्या नव्या इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कारचं, सायबरस्टरचं, वेगळं आहे. दोन सीट, उघडं छत, वर उघडणारे दरवाजे, पण जवळपास दोन टन, जिथे एमजीए नऊशे किलोच्या आसपास होती. वजनामुळे माझं मन अजून लागत नाही तिच्यात. पण ती ज्या इलेक्ट्रिक प्लॅटफॉर्मवरून केलीय तोच प्लॅटफॉर्म एमजी ४ चा, आणि एमजी ४ म्हणजे मागचं दार धरून पाच दरवाज्यांची हॅचबॅक. परत तेच, स्पोर्ट्स कारचा सांगाडा घरच्या गाडीकडून. त्यामुळे तिला मी एका वाक्यात झटकून टाकू शकत नाही, तुम्ही टाकलीत.

एक चूक तुम्ही पकडलीत ती शंभर टक्के मान्य. वायएला दोन कार्बोरेटर असं मी लिहिलं होतं, एकच होता, ४६ हॉर्सपॉवर. दोनवाली म्हणजे टीसी, ५४ हॉर्सपॉवर. लेखात त्याच रात्री दुरुस्त केलंय.

आणि इंदूरहून कधी इकडे येणं झालं तर आधी कळवा, आजोबांना विचारून ठेवतो. टीडी अजून दांडिया बाजारातच आहे, डाव्या चाकाखाली जॅक लावून तो लिव्हर तुम्हाला हाताने हलवून बघता येईल.