इनलाइन फंक्शन: अंदाज नाही, नोंदच असते

नमस्कार, वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी थँक्स. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की ओ-टू (ऑप्टिमायझेशनचा पर्याय) लावून कंपाइल केलं की इनलाइन झालेल्या, म्हणजे बोलावलं त्या जागीच कोड उतरवलेल्या, फंक्शनची कॉल इन्स्ट्रक्शनच उरत नाही, स्टॅकवर फ्रेम (त्या कॉलची स्वतःची जागा) नाही, मग जीडीबी हा डीबगर बॅकट्रेसमध्ये (कोणी कोणाला बोलावलं त्या यादीत) ते फंक्शन दाखवतो तो लाइन टेबलवरून (कुठल्या पत्त्याला सोर्सची कुठली ओळ, हा तक्ता) बांधलेला अंदाज, आणि मी माझ्या पोस्टमध्ये त्याला 'नोंद' म्हटलं ते चूक. फ्रेम नसते हे शंभर टक्के खरं. पण अंदाज नाही हो.

समजा 'चौरस' नावाचं एका ओळीचं स्टॅटिक फंक्शन आहे, त्याचा गुणाकार ओळ ३ वर, आणि मेनमधून ते ओळ ११ आणि १२ वर बोलावलंय (आकडे युजरकडून घ्या, नाहीतर कंपायलर उत्तर आधीच काढून मोकळा होतो). दोन्ही गुणाकार मेनच्या पोटात जाऊन बसले. आता लाइन टेबलला विचारा, दोन्ही पत्त्यांना ते एकच सांगणार, ओळ ३. कुठल्या कॉलमधली ३ हे त्यात नसतंच, म्हणजे त्याच्यावरून अंदाज करायचा म्हटलं तरी भागत नाही.

ते असतं ड्वार्फच्या, म्हणजे कंपायलर डीबगरसाठी लिहून ठेवतो त्या माहितीच्या, झाडात. चौरसचं नाव, पॅरामीटर, टाइप एकदाच लिहिलेलं, आणि मेनच्या नोंदीखाली प्रत्येक कॉपीची वेगळी 'इनलाइन्ड सबरूटीन' नोंद. रीडएल्फ या बायनरीतली माहिती दाखवणाऱ्या टूलने डंप काढलात तर तिच्यात मूळ फंक्शनकडे बोट दाखवणारं अ‍ॅबस्ट्रॅक्ट ओरिजिन, त्या कॉपीचे पत्ते आणि कॉल लाइन स्पष्ट दिसते, एकीत ११, दुसरीत १२. ऑप्टिमायझरने इन्स्ट्रक्शन इकडच्या तिकडे केल्या असतील तर पत्त्यांचे तुकडे पडतात, तेही रेंजेस म्हणून लिहिलेले असतात. एलएलव्हीएम (क्लँग कंपायलर ज्यावर चालतो ते) तर इनलाइन करतानाच प्रत्येक इन्स्ट्रक्शनच्या लोकेशनला 'कुठे इनलाइन झालं' हे चिकटवतो आणि शक्यतो शेवटपर्यंत सांभाळत नेतो.

तुमची शंका टेल कॉलच्या (फंक्शनचं शेवटचं काम म्हणून केलेल्या कॉलच्या) बाबतीत मात्र रास्त आहे. तिथे फ्रेम खरोखर पुसली जाते आणि जीडीबी कॉल साइटच्या नोंदींवरून मधली वाट जुळवून काढतो, एकापेक्षा जास्त वाटा निघाल्या तर खात्रीने सांगू शकत नाही. मी पोस्टमध्ये दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबलं, ती चूक माझी, आज दुरुस्त करतो.

आणि तुम्ही पुरावा म्हणून जे अ‍ॅडर-टू-लाइनचं (पत्त्यावरून सोर्सची ओळ सांगणाऱ्या टूलचं) आउटपुट टाकलंय त्यात फक्त सगळ्यात आतली ओळ आहे, कारण इनलाइन झालेले बाहेरचे कॉलही दाखवणारा 'मायनस आय' हा पर्याय लावलेला नाही. तो लावून त्याच पत्त्यावर परत चालवा आणि काय येतं ते इथेच टाका.