नायिका कोण, ते आधी शोधा

बेळगावजवळच्या उचगाव, कडोली किंवा येळ्ळूरच्या साहित्य संमेलनात तुम्हाला एखाद्या कादंबरीवर बोलायला बोलावलं असेल, तर आधी अभिनंदन. आता ती कादंबरी वाचायला घेऊ नका. उगाच जागरण होतं आणि हाती काही लागत नाही. त्यापेक्षा लेखकाचं लग्न कधी झालं, कुणाशी झालं आणि कुणाशी व्हायचं राहिलं, एवढं काढा. ग्रंथदिंडी मंडपात पोचेपर्यंत भाषण तयार.

आपल्याकडे हे काम अवघडही नाही. शहापूरची बातमी टिळकवाडीला पोचायला रिक्षा लागत नाही. वाचनालयातली प्रत मागवा, आधीच्या वाचकांनी निम्मं संशोधन करून ठेवलेलं असतं. नायिकेच्या हनुवटीवरच्या तिळाखाली पेन्सिलीची दुहेरी रेघ, समासात 'शहापूर?', त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, शाईने, 'छे! खानापूर. भाऊ रेल्वेत होता.' पुढच्या पानांवर एकही खूण नाही. तीळ पुन्हा येत नाही ना.

नायिका दारात 'बर्री, कुंदर्री' (कन्नडमध्ये 'या, बसा') म्हणाली, की लेखकाचं धारवाडला प्रकरण होतं असं बेधडक ठोकून द्या. भाजी मार्केटात तो स्वतःच असं बोलतो, ही शंका कुणी काढलीच तर चहाची वेळ झाल्याचं सुचवा. सीमाप्रश्नावर मराठी आणि कन्नड वाचकांचं जमत नसेल, पण 'ती कोण' यावर चुटकीसरशी जमतं.

विद्वत्तेची फोडणी हवी असेल तर जर्मनमध्ये लिहिणाऱ्या फ्रान्झ काफ्काला मंचावर आणा. तो आपल्या पक्षाचा साक्षीदार आहे. ऑगस्ट 1912 मध्ये त्याला फेलिस बाउअर भेटली, सप्टेंबरात एका रात्रीत त्याने 'निवाडा' ही कथा लिहिली आणि तिलाच अर्पण केली. पुढे डायरीत त्याने स्वतःच हिशेब मांडला: कथेतल्या फ्रीडा या वाग्दत्त वधूच्या नावात (रोमन लिपीत) फेलिसच्या नावाइतकीच अक्षरं, आद्याक्षरही तेच. लेखकच बोटं मोजायला लागल्यावर आपण कशाला लाजायचं? त्या कथेत वाग्दत्त वधू जेमतेम डोकावते आणि म्हातारा बाप पलंगावर उभा राहून मुलाला बुडून मरायची शिक्षा फर्मावतो, हे मात्र बोलू नका. बापाला कोण विचारतो!

त्याच्या 'द ट्रायल' कादंबरीचंही तसंच. जुलै 1914 मध्ये बर्लिनच्या एका हॉटेलात फेलिसशी झालेला साखरपुडा मोडला, ऑगस्टात कादंबरी सुरू. 1969 मध्ये लेखक एलियास कानेटीने यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ते खरंच भक्कम आहे, थट्टेवारी नेता येत नाही. पण फेलिसला लिहिलेली पत्रं छापून आली 1967 मध्ये आणि कादंबरी 1925 मध्ये. म्हणजे 42 वर्षं वाचक बिचारे ती पत्रं न वाचताच घाबरत होते. अटक करायला आलेले शिपाई नायक योझेफ के.चा नाश्ता स्वतःच खाऊन टाकतात, एवढ्यानेच त्यांच्या अंगावर काटा येत असणार. अडाणी माणसं.

आपला सराव तसा घरचाच. इंदिरा संत बेळगावात राहून लिहीत होत्या. 1946 मध्ये त्यांचे पती नारायण संत गेले आणि तेव्हापासून बाईंच्या कवितेतल्या ढगाला, वाऱ्याला, संध्याकाळीला आपण दुसरा उद्योगच ठेवला नाही. विरह नसलेली ओळ दिसली की आपण पान उलटतो. कवितेवर हात बसलाय, कादंबरी काय चीज आहे!

एक पथ्य पाळा. पुरुषाची चार प्रकरणं निघाली तर 'समृद्ध अनुभवविश्व' म्हणा. बाईचं एक निघालं तर 'धीट लेखन' म्हणून घसा खाकरा. मंडप समजून घेतो.

लेखक पहिल्या रांगेत बसला असेल तरी डगमगू नका. 'सगळं काल्पनिक आहे' म्हणाला तर ती कबुली. गप्प बसला तर पक्की कबुली. वहिनी शेजारी असतील तर बोलताना नजर त्यांच्यावर ठेवा, श्रोतेही तिकडेच बघत असतात.

आणि कादंबरीत प्रेमाचा मागमूसच नसेल, नायक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत उसाच्या थकलेल्या बिलासाठी कारखान्याच्या दारात बसून असेल, तर घाबरून जाऊ नका. त्या काळात कारखान्यात टायपिस्ट कोण होती, एवढं विचारून या.